शेवटी येणारी नावं

नोबुए कुराहाशीला राग आला की तो आधी किटलीला कळायचा. ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या शेगडीवर ती किटली अशी आदळायची, की खालच्या मजल्यावरचा लॉन्ड्रीवाला छताकडे बघून बायकोला म्हणायचा, "चला, वर काम सुरू झालं."

बाई मूळची साकाईची. बाप टॅक्सी चालवायचा आणि ओसाकाच्या रस्त्यावर भेटेल त्याच्याशी भांडायचा. आवाज बापाचा घेतला, पण भांडायला गिऱ्हाईक नव्हतं. म्हणून बरीच वर्षं तिने सुपरमार्केटच्या जाहिराती लिहिल्या. तळहाताएवढ्या चौकटीत कोबी, टोफू, बांगडा आणि वर 'फक्त आज' हेही बसवायचं. लोकांना ज्याला पान लागतं ते ही दोन ओळींत उरकायची. मग ओसाकातल्याच एका छोट्या गेम कंपनीला थोडक्यात लिहिणारं माणूस हवं होतं, तिथे ही चिकटली ती चिकटलीच.

पहिल्याच आठवड्यात शाचो म्हणाले, पाहुणे आलेत, चहा ओता. कंपनीच्या मालकाला सगळे शाचोच म्हणत, नाव त्सुकुदा. नोबुए म्हणाली, "मी लिहायला आलेय. चहा हवाच असेल तर मी ओतते, कप तुम्ही धुवा."  त्सुकुदा हसला. तो कशालाही हसायचाच. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं हो, हसणाऱ्याशी काय भांडणार? एवढ्या वर्षांत त्याने कुणावर आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. "आपण सगळे एक कुटुंब," असं म्हणायचा आणि पाठीवरून हात फिरवायचा.

त्यांचा गेम हातात मावणाऱ्या यंत्रावरचा. इवल्या पडद्यावर चौकटीचौकटींचं मैदान, बुद्धिबळासारखं. एक डाव आपला, एक डाव शत्रूचा. पण बुद्धिबळातल्या प्याद्याला कुणी नावाने हाक मारत नाही. इथे प्रत्येक सैनिकाला नाव, गाव, खोड्या, घरी वाट बघणारं माणूस. आणि एकदा मेला की मेला. पुढच्या लढाईत त्याची जागा रिकामी. मरताना तो एक वाक्य बोलतो, दोन ओळींचं, त्याहून जास्त मावत नाही. ती वाक्यं नोबुए लिहायची. शेकडो माणसांना तिने दोन ओळींत मारलं होतं, आणि एकाचंही बोलणं दुसऱ्यासारखं नव्हतं.

हे सैनिक काढायचा मानाबे. शोइचि मानाबे, तिच्याहून लहान, तात्सुनो गावचा, बोलायला जरा कमी. नखाएवढा सैनिक, ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेला, पण लांबून बघितला तरी कळावं की याचा डावा गुडघा दुखतोय. दोघांची टेबलं समोरासमोर. दिवसभर एकमेकांचं डोकं खात असायचे.

"या स्वयंपाक्याला मरताना काय बोलायला लावलंत?" मानाबे विचारायचा.

"'रश्शात मीठ घालायचं राहिलं.'"

"मरताना?"

"मग काय देशभक्तीवर भाषण ठोकू? स्वयंपाकी आहे तो. त्याच्या डोक्यात रस्साच असणार."

मानाबेने पडद्यावरचा स्वयंपाकी मोठा करून बघितला. मग म्हणाला, "मग याला मारू नका ना, कुराहाशी-सान."

"मी कुठे मारतेय? खेळणारा मारतो. त्याला सांग, बाबा रे, माझं पोर नीट सांभाळ."

दुसऱ्या दिवशी त्या स्वयंपाक्याच्या पाठीवर, तलवारीच्या जागी, रस्सा वाढायचा डाव लटकत होता.  नोबुएने किटली त्या दिवशी हळू ठेवली.

मानाबेचा एकच दोष, त्याला नाही म्हणता यायचं नाही. त्सुकुदा हे ओळखून होता. तो कधी हुकूम सोडायचा नाही. येऊन टेबलाशी उभा राहायचा, "मानाबे-सान, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही हो," म्हणायचा आणि आणखी दोन पलटणी त्याच्या गळ्यात मारून जायचा. मानाबे टेबलाखाली पथारी पसरायला लागला. आधी कधीमधी, मग रोजच. नोबुए सकाळी आली की टेबलाखालून पाय दिसायचे. ती पायाला लाथ मारून म्हणायची, "घरी जा, मेल्या. घरभाडं भरतोस ना?" तो म्हणायचा, "हे दोन घोडे झाले की जातो." ते दोन घोडे कधी संपायचे नाहीत.

फेब्रुवारीत एका सकाळी तिने लाथ मारली आणि पाय हलला नाही.

डॉक्टर म्हणाले, मेंदूतली नस. वय काहीच नव्हतं हो. तात्सुनोला, त्याच्या आईकडे, अंत्यविधी झाला. त्सुकुदा उदबत्ती लावताना ढसाढसा रडला. नाटक असतं तर परवडलं असतं. तो खरंच रडला, डोळे पुसले, आणि परतीच्या गाडीत इशिबेला विचारलं की उरलेले घोडे आता कुणाकडे द्यायचे. हा इशिबे म्हणजे तिथला मुख्य प्रोग्रामर, सगळ्यांचं काम एकत्र बांधून गेम उभा करणारा. भला माणूस, पण कणा म्हणून काही नाही.

मानाबेच्या आईचं नाव हात्सुनो. उभा जन्म सोमेनच्या कारखान्यात गेला, त्या केसाएवढ्या बारीक शेवया काठ्यांवर वाळत घालण्यात. बोटं अजून तशीच चालायची, हवेतल्या हवेत काहीतरी विंचरल्यासारखी. तिने नोबुएला बाजूला घेतलं.

"शोइचि सांगायचा, गेम संपला की शेवटी नावं येतात. सिनेमात येतात तशी. खरं ना?"

"खरं, आई."

"आधीच्या कंपनीत त्याला खोटं नाव लावलं होतं म्हणे. 'बेडूक' का काहीतरी. दुसऱ्या कंपनीने पळवून नेऊ नये म्हणून." म्हातारी थोडीशी हसली. "या वेळी खरं नाव येणार म्हणाला. मला म्हणाला, आई, बघशील. मला तर ते यंत्र हातात कसं धरायचं तेही कळत नाही. पण शिकेन मी. येईल ना नाव?"

"येणार," नोबुए म्हणाली. "मी बघते ना."

झालं. शब्द दिला. आणि ही बाई दिलेला शब्द पोटात निखाऱ्यासारखा घेऊन फिरणारी.

मे महिन्यात गेम पुरा होत आला. पडद्यावर येणारं सगळं लिखाण नोबुएच्या हाताखालून जायचं, तशी शेवटची नावंही तपासायला आली. तिने वाचली. पुन्हा वाचली. सगळे होते. अगदी हिवाळ्यापासून अधूनमधून येऊन नुसती बटणं दाबून बघणारी कॉलेजची पोरंही होती. मानाबे नव्हता.

ती त्सुकुदाच्या खोलीत दार न वाजवता शिरली.

"मानाबेचं राहिलंय."

"राहिलेलं नाही," त्सुकुदा मऊ आवाजात म्हणाला. "बसा ना. आपला नियम तुम्हाला माहीतच आहे. काम पुरं होईल त्या दिवशी जे कंपनीत असतील, त्यांची नावं. मागच्या वेळी ओकुदा-सान सोडून गेल्या, त्यांचंही नव्हतं टाकलं."

"ओकुदा लग्न करून गेली! हा मेलाय!"

"कागदावर दोन्ही सारखंच हो, कुराहाशी-सान. मलाही वाईट वाटतं. पण एकासाठी नियम मोडला की..."

"सगळे सैनिक त्याने काढलेत. सगळे! त्याच्याशिवाय पडद्यावर दिसणार काय आहे? रिकाम्या चौकटी?"

"आणि घरच्यांच्या जखमेवर मीठ..."

"घरच्यांनीच मागितलंय. त्याच्या आईने. तोंडाने. माझ्याकडे."

तेव्हा त्सुकुदाचं हसू पहिल्यांदा थोडं हललं. त्याने खिडकीकडे बघितलं. "नाव छापलं की लोक विचारतात," तो म्हणाला. "हल्ली कुठे असतात ते? कसे गेले? कुठे गेले? मग गेम विकणारी मंडळी विचारतात. मग आणखी कुणी. आपलं कुटुंब लहान आहे. वादळ आलं तर सगळेच बुडतील. तुम्ही समजूतदार आहात."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि यातली खरी मेख सांगतो, ऐका. या गेममध्ये शेवटची लढाई जिंकली की मेलेल्या प्रत्येक सैनिकाचं नाव पडद्यावर येतं, अमका अमक्या खिंडीत पडला म्हणून. ही कल्पना कुणाची? याच त्सुकुदाची! सभेत डोळ्यांत पाणी आणून म्हणाला होता, पडलेल्यांना विसरणारं सैन्य ते कसलं सैन्य. ठिपक्यांच्या माणसांचा एवढा कळवळा आणि हाडामांसाचा माणूस टेबलाखाली मेला तर तो नियमात बसत नाही! असल्या माणसाला काय म्हणावं? मला तर शब्दच सुचत नाहीत, आणि जे सुचतात ते लिहिण्यासारखे नाहीत.

दुपारी ती इशिबेला घेऊन कोपऱ्यावरच्या उदोनच्या, रश्शातल्या जाड शेवयांच्या, दुकानात बसली.

"तूच टाक ना गुपचूप," ती म्हणाली. "शेवटचं बटण तुझ्याच हातात आहे."

इशिबेने वाडग्यात मान घातली. "तपासणीत पकडलं जाईल. विकणारी कंपनी अक्षरन् अक्षर बघते. मग माझी नोकरी जाईल. मला दोन मुली आहेत, कुराहाशी-सान."

"मग सगळे मिळून शाचोंकडे मागू."

"मागायचं?" तो इतका दचकला की शेवया तोंडातून निसटल्या. "सगळ्यांनी? शाचोंकडे? असं कसं मागणार?"

आणि इथे नोबुएने घोडचूक केली. तिला वाटलं, आपल्या माणसांना आपण ओळखतो. ओळखतही होती, तिथेच तर फसली. ही माणसं मागायला लाजतात, पण सोडायला सांगा, एका पायावर तयार. म्हणून ती म्हणाली, "बरं, मागायचं नाही. आपण आपलीच नावं काढा म्हणू. मानाबे-सान नाहीत तर आम्हालाही नको. कुठला साहेब हे ऐकून घेईल? सगळं ऑफिस समोर वाकलेलं बघून त्याची मान शरमेने खाली जाईल. म्हणावंच लागेल त्याला, अहो नको, तुमचीही राहू द्या, त्याचंही टाकतो."

इशिबेचा चेहरा उजळला. हे त्याला जमण्यासारखं होतं. संध्याकाळपर्यंत सगळे तयार झाले, संगीतवाला, नकाशेवाली, अगदी त्सुकुदाचा चमचा म्हणून ओळखला जाणारा हिशेबनीससुद्धा. स्वतःचं नाव सोडण्यात केवढा मोठेपणा! कुणाशी भांडायचं नाही, कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, आणि वर चांगुलपणा पदरात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सभेत सगळे एका रांगेत उभे राहिले आणि कंबरेत वाकले. बोलायचं इशिबेने, असं ठरलं होतं. त्याचा आवाज चिरकला, पण बोलला तो. "शाचो, मानाबे-सान यांचं नाव नसेल तर कृपा करून आमचीही नावं काढून टाका."

 नोबुए वाकलेल्या वाकलेल्या त्सुकुदाचे बूट बघत होती. बूट जरा मागे सरकले. मग पुढे आले. मग तो स्वतःच कंबरेत वाकला, त्यांच्यापेक्षाही खाली.

"काय बोलू मी," तो म्हणाला. आवाज भरून आला होता. "एवढी वर्षं मी 'आपण कुटुंब' म्हणत आलो, ते आज तुम्ही मला शिकवलंत. कुटुंबात कुणी आपलं नाव मिरवत नाही. मानाबे-सान यांचंही नको, तुमचंही नको, माझं तर नकोच नको. शेवटी फक्त कंपनीचं नाव येईल. इशिबे-सान, तेवढं करून टाका."

रांग ताठ झाली. कुणाच्या चेहऱ्यावर काही दिसेना. नोबुए ओरडली, "अहो, हे नाही म्हणायचं आम्हाला! त्याचं नाव टाका असं म्हणतोय आम्ही!" पण शेजारच्या नकाशेवालीने तिची बाही ओढली, त्सुकुदा डोळे पुसत सगळ्यांचे हात हातात घेत सुटला होता, आणि इशिबे काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "हो, शाचो." आता काय बोंब मारायची? नाव काढा म्हणून स्वतःच नाक घासलं, आणि काढल्यावर कुठल्या तोंडाने टाका म्हणणार?

शेवटची प्रत विकणाऱ्या कंपनीकडे गेली. उन्हाळ्यात गेम दुकानात आला, बरा खपला. एका मासिकात छापून आलं की हल्लीच्या काळात स्वतःचं नावही न टाकणारी इतकी नम्र माणसं दुर्मीळ. त्सुकुदाने ते कात्रण चौकटीत घालून दारापाशी लावलं. नोबुए रोज त्या चौकटीखालून आत जायची आणि रोज स्वतःला शिव्या घालायची. राजीनामा दिला का? नाही दिला. रागीट माणसाचं घरभाडं माफ होत नाही. आणि हात्सुनोला कळवलं का? तेही नाही. यंत्राला बोट न लावलेली म्हातारी, ती कुठली शेवटपर्यंत पोचतेय, असं मनाला सांगून ती गप्प बसली. नोबुए कुराहाशी, आणि गप्प!

नोव्हेंबरात फोन आला.

"कुराहाशी-सान, मी शेवटच्या लढाईला पोचलेय," पलीकडून हात्सुनो म्हणाली. "एकटीने बघवणार नाही. रविवारी येता?"

नाही कशी म्हणणार? ती गेली. तात्सुनोत नदीकाठी थंडी पडायला लागली होती. हात्सुनोने कोतात्सू लावून ठेवलं होतं, खाली शेगडी आणि भोवती रजई असलेलं बुटकं टेबल. रजईत पाय घालून दोघी बसल्या. समोर देव्हाऱ्यात मानाबेचा फोटो, टेबलावर संत्री, एक सोललेलं. म्हातारीने भिंग काढलं, यंत्र उशीवर ठेवलं, आणि ती शेवयांची सवयीची बोटं बटणांवर अशी चालायला लागली की नोबुए बघतच राहिली.

"कुणी शिकवलं?"

"भाजीवालीच्या सुनेने. पहिल्या लढाईत महिना गेला माझा. ती म्हणते, आजी, एखाददुसरा मेला तरी पुढे जाता येतं. म्हटलं, तू जा. मी नाही जायची."

"म्हणजे?"

"कुणी पडला की मी यंत्र बंद करते. ती लढाई पुन्हा पहिल्यापासून." हात्सुनोने भिंगातून वर बघितलं. "शोइचिने काढलेत ना सगळे. एकालाही मागे ठेवलेलं नाही. हा बघा, डाववाला. फार अंगावर घेतो मेला. याच्यापायी एकच लढाई सगळा सप्टेंबर लढले मी."

नोबुएने पडद्यावर बघितलं. सगळे होते. पहिल्या गावातला म्हातारा धनुर्धर, ज्याला पोरंसोरं तिसऱ्या लढाईतच गमावतात, तोही. तिने लिहिलेलं मरणाचं एकही वाक्य या बाईने वाचलेलं नव्हतं. कुणी पडायला लागला की हिचं बोट आधीच बटणावर.

लढाई दुपारभर चालली. शेवटचा शत्रू पडला तेव्हा हात्सुनोने "हं" एवढंच केलं आणि संत्र्याची एक फोड तोंडात टाकली. मग कहाण्या यायला लागल्या, युद्धानंतर कोण कुठे गेलं त्या. धनुर्धर नातीच्या लग्नाला पोचला. स्वयंपाक्याने घाटात खानावळ काढली. म्हातारी एकेक मोठ्याने वाचत होती, खूश होत होती.  आता सांगावं, आता सांगावं, असं म्हणत नोबुए रजईचा कोपरा पिळत बसली.

पडलेल्यांची नावं यायची वेळ झाली. कुणी पडलंच नव्हतं, म्हणून ती आलीच नाहीत. पडदा काळा झाला. कंपनीचं नाव आलं. मग 'समाप्त'.

हात्सुनो थांबली. भिंग जवळ नेलं. संगीत संपलं तरी थांबली.

"काही दाबायचंय का?"

"नाही, आई."

"मग नावं?"

नोबुएने सांगितलं. नियम, त्सुकुदा, रांग, वाकणं, सगळं. एकदा सुरू झाल्यावर भडाभडा बोलली, त्सुकुदाला शिव्या दिल्या, इशिबेला दिल्या. शेवटी म्हणाली, "आमची कुणाचीच नाहीत. त्याच्यासाठी सगळ्यांनी आपापली काढली." आणि रडायला लागली.

हात्सुनोने यंत्र खाली ठेवलं. तिचा आवाज एवढासा, पण नोबुएच्या बापालाही त्याने घाबरवलं असतं.

"त्याच्यासाठी?"

"हो, आई, आम्हाला वाटलं..."

"तुझं नाव तिथे असतं, त्या इशिबेचं असतं, सगळ्यांची असती, तर निदान एखाद्याने विचारलं असतं, हे सैनिक काढले कुणी? कोण राहिलंय इथे? आता कोण विचारणार? एक माणूस गाळला होता त्याने. ती जागा दिसत तरी होती. तुम्ही सगळ्यांनी मिळून ती बुजवलीत. चिखल लिंपतात तशी. आणि वर म्हणतेस, त्याच्यासाठी!"

नोबुए बाहीने डोळे पुसत राहिली. 

"आणि रडू नकोस. या घरात रडायला मी आहे." म्हातारीने नाक ओढलं. "मला सांग, तो घरी किती वाजता जायचा?"

"जायचाच नाही. टेबलाखाली झोपायचा. हिवाळाभर."

"तू पाहिलंस?"

"रोज. सगळ्यांनी पाहिलंय."

"हे कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मी ओसाकाच्या कामगार कचेरीत जाऊन आलेय," हात्सुनो म्हणाली. "जास्त कामाने माणूस मेला तर तसं मान्य करून घेता येतं म्हणे. त्यांनी कंपनीला विचारलं. कंपनीने लिहून दिलं, मानाबे-सान यांना चित्रांची फार आवड, ते हौसेने थांबायचे."

"हौसेने!" नोबुए अशी उठली की रजई उडाली, टेबलावरचं एक संत्रं गडगडत दारापर्यंत गेलं. "हौसेने? त्या हलकटाने 'हौसेने' लिहिलं?"

"खाली बस. मला तुझी आदळआपट नकोय. तिथल्या बाई म्हणाल्या, आत काम करणारं कुणीतरी येऊन बोललं पाहिजे, नाव सांगून. आजवर एकजणही आला नाही. उद्या मी जाणार आहे. देतेस नाव?" तिने नोबुएकडे रोखून बघितलं. "पण नीट विचार कर. या वेळी दिलेलं काढून घ्यायचं नाही."

स्टेशनावरून नोबुएने इशिबेला फोन लावला.

"उद्या कामगार कचेरीत जातेय. मानाबेचं सगळं सांगणार आहे. तुझंही नाव देणार आहे."

"माझं नको ना! अहो, मला दोन मुली..."

"तुला विचारत नाहीये मी. सांगतेय." आणि तिने फोन ठेवला.

सोमवारी सकाळी, तिकडे सभेची वेळ झालेली, त्सुकुदा कात्रणाच्या चौकटीखाली उभा राहून कुटुंबाबद्दल बोलत असणार, तेव्हा या दोघी कामगार कचेरीत एका टेबलापुढे बसल्या होत्या. टेबलापलीकडची बाई तरुण, चष्मेवाली, सर्दी झालेली. तिने विचारलं, "प्रत्यक्ष बघणारं तुमच्याशिवाय आणखी कुणी आहे? एक-दोन नावं पुरे होतील."

"एक-दोन नाही," नोबुए म्हणाली. "सगळी सांगते. लिहा."

आणि तिने सुरुवात केली. प्रोग्राम लिहिणारा इशिबे. संगीत देणारा. नकाशे करणारी. हिशेबनीस. तपासणीला आलेली कॉलेजची पोरंही. एकेकाचं पूर्ण नाव, एकेकाचं काम, त्या बापाच्या आवाजात. शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. हात्सुनो प्रत्येक नावाला मान हलवत होती, जणू कुणी तिच्याशी ओळख करून देत होतं. चष्मेवालीने दोनदा "पुरे" म्हटलं, मग म्हणायचं सोडून दिलं आणि लिहीत राहिली. शेवटी नोबुएने स्वतःचं नाव सांगितलं. मरणाची वाक्यं लिहिणारी, नोबुए कुराहाशी.

"ठीक आहे," चष्मेवाली म्हणाली. "आणि मृत व्यक्तीचं काम नेमकं काय होतं?"

नोबुएने टेबलावर हात आपटला. चष्मेवालीच्या कपातला चहा सांडला.

"सैनिक काढणारा. एकूण एक सैनिक. शोइचि मानाबे. हे खाली लिहू नका हो, जागा करा आणि सगळ्यात वर लिहा!"